हार्ट अ‍ॅटॅकनंतर ठोका बिघडण्याचा धोका कुणाला? डिस्चार्जची फाइल घरी बसून कशी वाचायची

आमच्या बेळगाव भागात पेशंट घरी आला की दवाखान्याची फाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून खुंटीला अडकवतात. पुढच्या तपासणीला तीच पिशवी उचलून न्यायची, मधल्या महिन्याभरात ती कुणी उघडत नाही. मी पंधरा वर्षं हृदयरोगाच्या अतिदक्षता विभागात सिस्टर होते. अ‍ॅटॅकमधून वाचून घरी गेलेली माणसं ठोका बिघडून परत आलेली पाहिली, आणि त्यातल्या कित्येकांचा धोका त्या पिशवीतल्या कागदांवर आधीच लिहिलेला होता.

म्हणून एका संध्याकाळी घरातल्या शिकल्या-सवरलेल्या पोराला किंवा सुनेला घेऊन बसा. फाइल, गोळ्यांचा डबा आणि एक वही समोर ठेवा. वहीत काय लिहायचं ते क्रमाने सांगते. गोळी कमी-जास्त मात्र स्वतःच्या मनाने करायची नाही. ही वही डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारण्यासाठी आहे.

ठोका बिघडतो म्हणजे काय होतं

उसाला पाणी पाजलेल्या माणसाला हे लगेच कळेल. पाटातून आलेलं पाणी सरीतून पुढं पुढं जातं आणि शेवटाला पोचून थांबतं. हृदयातही प्रत्येक ठोक्याला वीज अशीच वरून खाली वाहते आणि संपते. अ‍ॅटॅकमध्ये रक्त न मिळालेला स्नायू मरतो आणि काही आठवड्यांत तिथं कडक वण तयार होतो. वणातून वीज जात नाही. पण त्याच्या कडेला अर्धवट जिवंत धागे उरलेले असतात, त्यातून ती रेंगाळत सरकते. ती बाहेर पडेपर्यंत आजूबाजूचा स्नायू पुन्हा तयार झालेला असतो, मग तीच वीज मागं वळून पुन्हा आत शिरते. बांध फुटल्यावर पाणी एकाच वाफ्यात घुमत राहावं, तसं. हे घुमणं खालच्या कप्प्यात मिनिटाला दीडशे-दोनशे वेळा होऊ लागलं की त्याला व्हीटी म्हणतात. तेही विस्कटलं की व्हीएफ. त्यात हृदय नुसतं थरथरतं, रक्त पुढं जात नाही आणि माणूस काही सेकंदांत शुद्ध हरपतो.

म्हणजे दोन गोष्टी लागतात. एक वण, आणि दुसरी त्याला पेटवणारी ठिणगी. वण किती मोठा हे फाइलमध्ये सापडतं. ठिणगी बहुतेक वेळा घरातच असते.

पहिलं पान: तारीख आणि वेळ

वहीत सगळ्यात वर अ‍ॅटॅकची तारीख लिहा. छातीत दुखायला लागलं किती वाजता आणि इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टी झाली किती वाजता, हेही आठवून लिहा. मधले तास जितके जास्त, तितका स्नायू जास्त मेलेला असतो. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात रात्री गाडी मिळेपर्यंत दोन-तीन तास सहज जातात. त्या माणसाचा वण बेळगाव शहरातल्या माणसापेक्षा मोठा असण्याची शक्यता धरूनच चालायचं.

मग फाइलमध्ये व्हीटी, व्हीएफ किंवा शॉक दिल्याची नोंद शोधा, आणि ती कोणत्या दिवसाची आहे ते पाहा. पहिल्या ४८ तासांत ठोका बिघडला असेल तर तो बहुधा ताज्या जखमेमुळे असतो. ४८ तासांनंतर तसं झालं असेल, तर वणातली ती घुमणारी वाट तयार झाली असण्याची शंका येते आणि पुढचा धोका वाढतो. नोंद सापडली नाही तर डॉक्टरांना सरळ विचारा: "शॉक द्यावा लागला होता का? कितव्या दिवशी?" हा प्रश्न विचारणारे नातेवाईक फार कमी भेटले मला.

एक गोष्ट उगाच घाबरवते. गाठ विरघळवणारं इंजेक्शन दिल्यावर किंवा रक्तवाहिनी उघडल्यावर थोडा वेळ मॉनिटरवर रुंद, संथ ठोके दिसतात. रक्त पुन्हा वाहू लागल्याची ती खूण असते आणि सहसा आपोआप थांबते. तेवढ्यावरून पेशंटला जन्माचा आजारी ठरवू नका.

दुसरं पान: ईएफचा आकडा

सगळ्या फाइलमधला एकच आकडा पाठ करायचा असेल तर तो हा. टूडी इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या कागदावर ईएफ किंवा एलव्हीईएफ असं लिहिलेलं असतं. डावा कप्पा भरल्यावर त्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर फेकलं जातं, ते त्यावरून कळतं. निरोगी माणसाचा ईएफ साधारण ५५ ते ७० असतो. ४० च्या खाली आला तर पंप अशक्त झाला म्हणायचा. ३५ च्या खाली ठोका बिघडून अचानक मृत्यू येण्याचा धोका ठळकपणे वाढतो, ३० च्या खाली आणखी.

आता इथं लोक फसतात. अ‍ॅटॅकच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काढलेला ईएफ हा शेवटचा आकडा नसतो. मेलेल्या स्नायूच्या शेजारचा स्नायू नुसता बधिर झालेला असतो, आणि रक्त मिळालं, गोळ्या लागू पडल्या की तो हळूहळू काम करू लागतो. ३० वाला माणूस तीन महिन्यांनी ४५ वर आलेला मी पाहिला आहे, आणि ३८ वाला २८ वर घसरलेलाही. दुसरी इको चुकवली तर हे कळायला मार्ग नाही. अ‍ॅटॅकनंतर किमान ४० दिवसांनी, आणि अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा इको करतात. ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने आजच गोल करा.

तेव्हाही ईएफ ३५ किंवा खाली आणि चालताना दम लागत असेल, अथवा दम नसतानाही ३० किंवा खाली असेल, तर डॉक्टर आयसीडीचा विषय काढतात. छातीच्या कातडीखाली बसवायचं हे यंत्र व्हीटी-व्हीएफ ओळखून आतूनच शॉक देतं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मॅडिट-२ या अभ्यासात अ‍ॅटॅक होऊन गेलेल्या आणि ईएफ ३० किंवा त्याखाली असलेल्या रुग्णांमध्ये आयसीडीमुळं मृत्यूचं प्रमाण सुमारे ३१ टक्क्यांनी घटलं. ईएफ ४० किंवा त्याखाली असून होल्टरमध्ये, म्हणजे दिवसभर ईसीजी टिपणाऱ्या यंत्रात, व्हीटीचे छोटे झटके दिसले, तर हृदयातल्या विजेची वेगळी तपासणी करून मग ठरवतात.

"मग लगेच का नाही बसवत?" हा प्रश्न हमखास येतो. तेही करून पाहिलेलं आहे. अ‍ॅटॅकनंतर ४० दिवसांच्या आत यंत्र बसवून एकूण मृत्यू कमी झाले नाहीत, हे २००४ च्या डिनामिट अभ्यासात दिसलं. पण अशक्त पंप असलेल्यांना अचानक मृत्यूचा धोका पहिल्या महिन्यातच सगळ्यात जास्त असतो. म्हणजे यंत्र नसलेल्या त्या दिवसांत गोळ्या, रक्ताचे रिपोर्ट आणि घरच्यांचे डोळे यांच्यावरच सगळी भिस्त. तो महिना पेशंटला घरात एकटं ठेवू नका.

भिंत कोणती, आणि काय उरलंय

फाइलमध्ये अँटिरियर म्हणजे पुढची भिंत, इन्फिरियर म्हणजे खालची. पुढच्या भिंतीचा मोठा अ‍ॅटॅक जास्त जोखमीचा. खालच्या भिंतीच्या अ‍ॅटॅकमध्ये नाडी फार मंद होते, 'हार्ट ब्लॉक' असा शब्द कानावर पडतो आणि घरच्यांचं धाबं दणाणतं. तो ब्लॉक बहुधा काही दिवसांत सुटतो. तोच पुढच्या भिंतीच्या अ‍ॅटॅकमध्ये आला तर मोठा भाग खराब झाल्याची निशाणी असते आणि कायमचा पेसमेकर लागू शकतो. हा ब्लॉक आणि रक्तवाहिनीतलं 'ब्लॉकेज' या वेगळ्या गोष्टी आहेत, हेही वहीत लिहून ठेवा.

अँजिओग्राफीच्या कागदावर आणखी एखाद्या वाहिनीत अडथळा उरल्याचं लिहिलं असेल, तर त्याचं पुढं काय करायचं हे विचारून घ्या. उरलेला अडथळा हीही एक ठिणगीच.

रक्ताचे रिपोर्ट: पोटॅशियमची गोष्ट

खानापूरच्या बाजूच्या एक मावशी होत्या. अ‍ॅटॅकला पाच आठवडे झालेले, ईएफ ३२. जुलैत रोप लावणीच्या धांदलीत घरात सगळ्यांना जुलाब सुरू झाले, यांनाही. दोन दिवस नुसत्या पेजेवर होत्या. तिसऱ्या दिवशी चुलीसमोर भोवळ येऊन पडल्या. मुलाने गाडीत घालून आणलं. मी ईसीजीच्या तारा लावतच होते, तेवढ्यात मॉनिटरवरची रेघ करवतीच्या दात्यांसारखी रुंद झाली आणि मावशींचे डोळे फिरले. शॉक दिला, ठोका आला. रक्तात पोटॅशियम निघालं २.७.

शुद्धीवर आल्यावर त्या मला म्हणाल्या, "जेवण सोडलं सिस्टर, पण लघवीची गोळी एक दिवस चुकवली नाही बघा." त्यांच्या तोंडावर औषध नेमानं घेतल्याचं समाधान होतं. जुलाबातून पोटॅशियम जातं आणि लघवीच्या गोळीतूनही जातं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायला हवं होतं ते आम्ही, दवाखान्यातल्या माणसांनी.

पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ असतं. अ‍ॅटॅक झालेल्या माणसाचं आम्ही ४ च्या वर ठेवायला बघतो, मॅग्नेशियम २ च्या आसपास. फुरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइड ही लघवीची गोळी चालू असेल तर वहीत त्यापुढं ठळक खूण करा. उलट्या-जुलाब सुरू झाले, खाणं-पिणं थांबलं, की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा: लघवीची गोळी थांबवू का, रक्त कधी तपासू? दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. शेतात उन्हातान्हात घाम गाळणाऱ्यालाही हेच लागू.

आता उलटी बाजू. स्पायरोनोलॅक्टोन, रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन यांसारख्या गोळ्या पोटॅशियम वाढवतात. किडनी अशक्त असेल, म्हणजे क्रिएटिनिन वाढलेलं असेल, तर ते धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं, आणि मग ठोका मंद होत होत थांबतोही. अशा पेशंटला भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळी घेऊन येतो. प्रेमानं आणतात, पण शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. 'कमी सोडियमचं' म्हणून मिळणाऱ्या मिठातही तेच घातलेलं असतं. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर दोन्ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

गोळ्यांचा डबा

मेटोप्रोलोल, बिसोप्रोलोल, कार्व्हेडिलोल यांपैकी एक गोळी बहुतेकांना असते. अचानक मृत्यूपासून राखण करणारी ही मुख्य गोळी. अशक्तपणा वाटतो, नाडी कमी दाखवते, म्हणून लोक ती मनानेच बंद करतात. एकदम बंद केली की हृदयावर अ‍ॅड्रेनॅलिनचा मारा होतो आणि ठोका उसळतो. लग्नाला पुण्याला गेलो, गोळ्या घरी राहिल्या, हे कारण मी किती वेळा ऐकलं असेल! प्रवासाला निघताना चार दिवसांच्या जादा गोळ्या खिशात घ्या. नाडी ५० च्या खाली असेल किंवा चक्कर येत असेल तर मात्र डॉक्टरांशी बोलून डोस बदलून घ्या.

दुसरा धोका मेडिकलच्या काउंटरवर असतो. काही साधी औषधं हृदयातली वीज 'रिचार्ज' व्हायला लागणारा वेळ लांबवतात. ईसीजीवर त्याला क्यूटी म्हणतात. ॲझिथ्रोमायसिन, लेव्होफ्लॉक्सासिन, फ्लुकोनॅझोल, डॉमपेरिडोन, ओन्डान्सेट्रॉन ही त्यातली रोजच्या वापरातली नावं. ही औषधं विष नव्हेत. पण ईएफ कमी, पोटॅशियम कमी आणि वर अशा दोन गोळ्या एकत्र झाल्या की ठिणगी पडू शकते. जुलाब-उलट्या झाल्यावर नेमकी हीच औषधं दिली जातात, हे लक्षात ठेवा. सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन आणि फिनाइलएफ्रिन, आणि गुडघेदुखीसाठी घेतलेलं डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन हेही अशा पेशंटला नकोत. गावातल्या मेडिकलवाल्यांना एकदा फाइल दाखवा आणि सांगा, "मामा, यांना अ‍ॅटॅक झालाय, ईएफ इतका आहे, विचारल्याशिवाय काही देऊ नका."

ठोका मधेच चुकल्यासारखा वाटतो म्हणून 'ठोका दाबायची गोळी' मागणारेही असतात. १९८९ साली कास्ट नावाच्या अभ्यासात अ‍ॅटॅकनंतरचे चुकार ठोके एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड या औषधांनी दाबून पाहिले. ठोके कमी झाले, मरणारे मात्र वाढले. तेव्हापासून नुसते चुकार ठोके दिसले म्हणून अशी औषधं देत नाहीत. ठोका आवरणारं अ‍ॅमिओडॅरोन हे औषध चालू असेल तर थायरॉइड आणि लिव्हरची तपासणी दर सहा महिन्यांनी करून घ्या. नवा कोरडा खोकला किंवा दम सुरू झाला तर तेही सांगा.

तंबाखू

निपाणीच्या पट्ट्यात तंबाखूवरच कित्येक घरं उभी राहिली, याची मला जाणीव आहे. तरीही सांगते: निकोटिन ठोका उसळवतं, रक्तवाहिन्या आवळतं आणि दुसऱ्या अ‍ॅटॅकची वाट मोकळी करतं. विडी सोडलेला माणूस चुना-तंबाखू मळताना दिसतो. बायकांना "तंबाखू खाता का?" विचारलं तर नाही म्हणतात, कारण मिश्री लावणं त्यांना तंबाखू वाटतच नाही. सिस्टरने किंवा सुनेने "मिश्री लावता का?" असंच विचारावं.

नाडी कशी बघायची

सकाळी उठून पाच मिनिटं शांत बसल्यावर, अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर मधली दोन बोटं ठेवा. अंगठ्याने बघू नका, अंगठ्याला स्वतःची नाडी असते. पूर्ण ६० सेकंद मोजा. आकडा आणि लय दोन्ही लिहा.

भजनात मृदंग वाजवणारे एक काका होते. महिन्याच्या तपासणीला आले आणि म्हणाले, "सिस्टर, नाडी समेवर येत नाही. मात्रा गळतायत असंही नाही, ठेकाच नाही." ईसीजी काढला तर एएफ. वरचे कप्पे थरथरत होते. एखादा ठोका मधेच चुकतो तेव्हा बाकीचा ठेका जागेवर असतो. एएफमध्ये ठेकाच हरवतो, त्यांनी अगदी नेमकं सांगितलं होतं.

एएफमध्ये वरच्या कप्प्यात रक्त साचून गाठ होते, ती मेंदूत गेली की लकवा. वय जास्त, बीपी, साखर, किडनीचा त्रास, थायरॉइड, दारू, आणि झोपेत घोरता घोरता श्वास अडकणं, यांनी अ‍ॅटॅकनंतर एएफची शक्यता वाढते. मोठ्यानं घोरण्यावर घरात हसतात, तेवढं डॉक्टरांना सांगा. ठेका हरवलेला वाटला तर त्याच दिवशी ईसीजी काढा. रक्त पातळ करणारी गोळी लागेल का, हे त्यावर ठरतं.

कधी पळायचं, आणि पळताना काय करायचं

शुद्ध हरपणं, मग ती दहा सेकंद का असेना, हे अ‍ॅटॅक झालेल्या माणसात 'अशक्तपणाची चक्कर' समजू नका. विशेषतः काही पूर्वसूचना न देता पडला असेल तर. धडधड होऊन घाम सुटणं, छातीत दुखणं, बसल्या जागी दम लागणं, नाडी १५० च्या पुढं जाणं, यांतलं काहीही झालं की १०८. तपासणी होईपर्यंत मोटारसायकल, ट्रॅक्टर चालवायचा नाही, विहिरीवर एकट्यानं जायचं नाही.

१०८ वर कन्नडमध्ये बोलणं झालं तर अडू नका. "एदे नोवु" म्हणजे छातीत दुखतंय, "उसिराट तोंदरे" म्हणजे श्वासाला त्रास, "प्रज्ञे तप्पिदे" म्हणजे शुद्ध हरपली. गावाचं नाव, तालुका आणि जवळची खूण सांगा. कर्नाटक सरकारच्या पुनीत राजकुमार हृदयज्योती योजनेत अनेक तालुका दवाखान्यांत ईसीजी काढून तज्ज्ञांकडं पाठवतात आणि गरज असेल तर गाठ विरघळवणारं टेनेक्टेप्लेज इंजेक्शन मोफत देतात. तुमच्या तालुक्यात ती सोय आहे का, हे आजच विचारून ठेवा. निपाणीकरांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ पडतं. कुठं न्यायचं ते आधीच ठरलेलं असू दे, रात्री दोन वाजता त्यावर चर्चा नको.

कार्डाचंही तसंच. आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, इतरांना पॅकेजच्या खर्चाचा ३० टक्के भाग. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला. ज्या दवाखान्यात जाणार तिथल्या योजनेच्या काउंटरवर कोणतं कार्ड चालतं हे विचारून वहीत लिहा.

माणूस पडला, हाक मारून उठत नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके देतोय, तर एकाने १०८ लावायचा आणि दुसऱ्याने तिथंच छाती दाबायला सुरुवात करायची. तोंडावर पाणी मारणं, कांदा हुंगवणं यात मिनिटं जातात, आणि छाती न दाबता गेलेल्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. पेशंट कडक जमिनीवर, पलंगावर नको. तळहाताची टाच छातीच्या मध्यभागी, त्यावर दुसरा हात, कोपरं सरळ. पाच ते सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. तोंडाने श्वास देता येत नसेल तर नुसतं दाबत राहा. दोन मिनिटांत हात भरून येतात, म्हणून आळीपाळीने. घरातल्या दोघांनी तरी आधी उशीवर सराव करून बघा.

वहीचं शेवटचं पान फाडून त्याच्या दोन प्रती करा. त्यावर एवढंच: अ‍ॅटॅकची तारीख, भिंत, ईएफ आणि तो कधीचा, शेवटचं पोटॅशियम-क्रिएटिनिन, चालू गोळ्या, डॉक्टरांचा नंबर, ठरलेला दवाखाना. एक प्रत पेशंटच्या खिशात, दुसरी दाराजवळच्या त्या खुंटीवर, पिशवीच्या बाहेर दिसेल अशी.